माळ्यावरचा ध्वनिवर्धक

जुन्या वस्तूंविषयी लिहिणाऱ्या माणसाला लोक दोनच कारणांसाठी बोलावतात. एक म्हणजे वस्तू फेकून द्यावी की नाही हे विचारण्यासाठी, आणि दुसरे तिची किंमत किती येईल हे विचारण्यासाठी. गेल्या पावसाळ्यात रामबागेतून मावशीच्या नातवाचा फोन आला तो दुसऱ्या कारणासाठी. वाडा रिकामा करावयाचा होता. माळ्यावर एक लाकडी पेटी सापडली होती. तिच्या दर्शनी भागावर पितळी अक्षरांत ‘व्हॉक्स’ असे नाव होते आणि आत काचेचे पाच व्हॉल्व्ह होते. मुलगा पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहे, हुशार आहे. त्याने व्हॉल्व्हवरील अक्षरे वाचून इंटरनेटवर शोध घेतला आणि मला म्हणाला, “मामा, हा इंग्लंडचा व्हॉक्स एसी-१५ आहे. गिटारचा ॲम्प्लिफायर. लाखाच्या घरात जातो.”

मी त्याला व्हॉल्व्हची नावे वाचावयास सांगितली. ईएफ ८६ एक, ईसीसी ८३ एक, ईएल ८४ दोन, ईझेड ८१ एक. मी म्हणालो, “तसेच दिसते.” हे माझे चुकले. फोनवर नाडी पाहू नये हे वैद्याला कळते, ते मला कळावयास हवे होते. दुसऱ्या दिवशी मी रामबागेत पोहोचलो तेव्हा मुंबईच्या एका खरेदीदाराकडून पंचवीस हजारांचा बयाणा येऊन पडला होता, आणि मावशीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीखही त्या भरवशावर विचारून झाली होती.

माझ्या चुकीला थोडे कारण होते. व्हॉक्स हे नाव इंग्लंडात केंट परगण्यातील डार्टफर्ड येथील जेनिंग्ज म्युझिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे. टॉम जेनिंग्ज हे तिचे मालक आणि डिक डेनी हे आराखडा करणारे. १९५८ साली त्यांनी पंधरा वॅटचा एसी-१५ बाजारात आणला, आणि पुढे लौकरच तीस वॅटचा एसी-३० आला. ‘शॅडोज’ आणि मागाहून ‘बीटल्स’ या वादकमंडळींनी तो जगभर नेला. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६२ साली आपला पहिला ध्वनिवर्धक केला, तो एका अमेरिकन यंत्राचा आराखडा समोर ठेवून. या काळातील मूळ यंत्रे आज संग्राहक शोधत हिंडतात. एसी-१५ मध्ये ईएफ ८६, ईसीसी ८३, दोन ईएल ८४ आणि ईझेड ८१ ही मंडळी असतात हे अगदी खरे. मात्र तेवढीच नसतात, आणि नेमके हेच मी विसरलो होतो.

व्हॉल्व्हच्या नावांची ही अक्षरे पुष्कळांना मंत्रासारखी गूढ वाटतात. वास्तविक ती पंचांगाइतकी सरळ आहेत. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर तापतारेविषयी सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे तापतारा एकापुढे एक जोडून शंभर मिलिॲम्पिअरवर चालवावयाचा. दुसरे अक्षर काम सांगते: ‘सी’ ट्रायोड, ‘एफ’ पेन्टोड, ‘एल’ शेवटचा जोर देणारा पेन्टोड, ‘झेड’ दोन्ही बाजूंनी एकदिश करणारा, आणि ‘एम’ म्हणजे रेडिओवरचा तो हिरवा ‘जादूचा डोळा’. अक्षर दोनदा आले की एका काचेत दोन जीव. म्हणून ईसीसी ८३ हा जुळा ट्रायोड. अंक तीसच्या घरात असेल तर बुडाशी आठ पायांचा जाड काळा खूर असतो, ऐंशीच्या घरात असेल तर काचेतूनच बाहेर आलेल्या नऊ बारीक पिना. एवढे पाठ असले तर बंद पेटीत मागून डोकावूनही अर्धी ओळख पटते.

उरलेली अर्धी मात्र पेटी उघडल्यावरच पटते. आणि उघडण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती जिवावरची आहे. या यंत्रांत तीनशे व्होल्ट आणि त्याहून अधिक दाब असतो. बटण बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये तो साठून राहू शकतो. प्लग काढून, थोडा वेळ जाऊ देऊन आणि मीटरने दाब उतरल्याची खात्री करून मगच आत हात घालावा, आणि ज्याला मीटर वापरता येत नाही त्याने घालूच नये. घरोघरच्या जुन्या रेडिओंत आणखी एक धोका असतो. ज्या संचात यूसीएच, यूएल अशी ‘यू’ची कुळी असते, त्यात पुष्कळदा ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि आतील पत्र्याचा सांगाडा थेट घरच्या विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला की सगळा सांगाडा जिवंत होतो, आणि बटणाची बाकेलाइटची टोपी गळून पडलेली असेल तर नुसता आवाज वाढवावयास गेलेल्या बोटाला झटका बसतो. असे रेडिओ शोभेसाठी ठेवावेत, मुलांच्या हाती देऊ नयेत.

पेटीचा मागचा फळा काढला. प्रथम मी नावाच्या पट्टीकडे पाहणे सोडून दिले. नाव ही ओळखीतली सर्वांत कच्ची खूण. आपल्याकडील मर्फीचेच पहा. मूळ कंपनी इंग्लंडात वेल्विन गार्डन सिटी येथे १९२९ साली निघाली, परंतु आपल्या आजोबांच्या दिवाणखान्यात बसलेले कितीतरी मर्फी ठाण्याच्या कारखान्यातून आलेले होते. व्हॉल्व्हही कच्चीच खूण, कारण ते बदलता येतात आणि बदललेले असतात. आज तर ‘मलार्ड’ हे जुने इंग्लिश नाव रशियात होणाऱ्या नव्या व्हॉल्व्हवरही छापलेले मिळते. पक्की खूण असते ती पत्रा, ट्रान्सफॉर्मर आणि डाख यांची. कारखान्यातला पत्रा साच्यावर ठोकलेला असतो, त्याची भोके एकसारखी आणि कडा स्वच्छ असतात. व्हॉक्सच्या यंत्रांवर वोडन, अल्बियन, हॅडन अशा इंग्लिश कंपन्यांचे ट्रान्सफॉर्मर सापडतात. या पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरवर नावच नव्हते; पिवळ्या वार्निशाच्या कागदाखाली हाताने गुंडाळलेली तार होती. पत्र्याची भोके कानशीने मोठी केलेली, एक तर किंचित अंडाकृती. डाख मात्र असे सुबक की पाहात राहावे.

मग मी व्हॉल्व्ह पुन्हा मोजले. पाच. एसी-१५ मध्ये आवाजाला लहरी देणारी, म्हणजे सूर थरथरविणारी, एक वेगळी रचना असते आणि तिच्यासाठी आणखी ट्रायोड लागतात. या पेटीत ती नव्हतीच. तिच्या जागी मंद्र आणि तार स्वर कमीअधिक करण्याच्या दोन साध्या गुंड्या होत्या. शिवाय स्पीकरकडे जाणाऱ्या तारेतून एक बारीक तार परत मागे, पहिल्या व्हॉल्व्हकडे, गेलेली दिसली. तेथे माझी खात्री झाली.

ही परतीची तार म्हणजे काय ते सांगतो. ध्वनिवर्धकातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलट करून पुन्हा तोंडाशी दिला की यंत्राने स्वतःच्या पदरची घातलेली विकृती पुष्कळ कमी होते. तबकडी ऐकणाऱ्याला हेच हवे असते: गायकाचा आवाज जसा होता तसा यावा. गिटारवाल्यांना नेमके उलट हवे असते. जोराने छेडले की यंत्राने थोडे कण्हावे, सुराला खरखरीत काठ यावा, ही त्यांची आवड. म्हणून डेनी यांनी एसी-१५ मध्ये ही तार ठेवलीच नाही. दोन्ही यंत्रांत व्हॉल्व्ह तेच, एक तार असणे आणि नसणे एवढ्याने त्यांचे स्वभाव वेगळे झाले.

पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट, परतीची तार: हा मलार्ड कंपनीचा ‘फाइव्ह-टेन’ होय. मलार्डचा धंदा व्हॉल्व्ह विकण्याचा. लोकांनी घरी ध्वनिवर्धक बांधावेत म्हणजे व्हॉल्व्ह खपतील, या हिशेबाने तिने पन्नासच्या दशकात स्वतःचे आराखडे प्रसिद्ध केले. दहा वॅटचा हा आणि ईएल ३४ चे दोन व्हॉल्व्ह असलेला वीस वॅटचा ‘फाइव्ह-ट्वेंटी’. १९५९ साली तर ध्वनिवर्धकांच्या आराखड्यांचे एक पुस्तकच तिने काढले. कंडेन्सर, रेझिस्टन्स, ट्रान्सफॉर्मरचे वेढे, सर्व त्यात होते. ज्या देशात बाहेरची यंत्रे येत होती तेथे तो छंद ठरला. आपल्याकडे ती गरज ठरली. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयात परवान्यांचा जो आवळा बसला, त्यात डार्टफर्डचा गिटार ध्वनिवर्धक इंदुरात सरळ मार्गाने येण्याची शक्यता फारच थोडी होती. मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे व्हॉल्व्ह मिळत, आणि पुढे साठच्या दशकात बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या सहकार्याने ते देशातच करावयास घेतले. ज्याच्या हाती डाखणी होती त्याने आपला ध्वनिवर्धक आपणच बांधला.

मावशी तोपर्यंत आरामखुर्चीत बसून आमचा उद्योग पाहात होती. तिला मी चाचरतच सांगितले की हे विलायतेचे नाही, येथेच कोणीतरी बांधलेले आहे. ती म्हणाली, “कोणीतरी काय? ह्यांनीच बांधलं. वर्षभर जेवणाच्या पाटावर पसारा होता.”

“आणि हे पितळी नाव?”

“तेही ह्यांनीच कापलं. कसल्याशा रेकॉर्डच्या वेष्टनावर चित्र होतं, ते पाहून. मला कोणी विचारलं का?”

खरोखरच तिला कोणी विचारले नव्हते. नातवाने इंटरनेटला विचारले, मी व्हॉल्व्हना विचारले. नावाच्या पट्टीचे खिळे काढून ती उलटी केली तेव्हा मागे करवतीचे आणि कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसले.

काका एका गिरणीच्या वीजखात्यात नोकरीस होते. त्या काळी इंदूरच्या गिरण्या चालू होत्या आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या गिरण्याच काढीत. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मंडळाचा कार्यक्रम असावयाचा, त्यात नकला, भावगीते आणि शेवटी हवाईयन गिटार. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवावयाची ही गिटार तेव्हा घरोघरी पोहोचली होती. व्हॅन शिपले यांच्या गिटारच्या आणि आपल्या पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या ॲकॉर्डियनच्या तबकड्या ऐकून कितीतरी मुले ती वाद्ये शिकली. परंतु गिटारचा नाजूक आवाज मंडपाच्या टोकाला पोहोचणार कसा? भोंगा लावला तर तो कर्कश होतो. काकांनी ही पेटी त्यासाठी बांधली होती. मला स्वतःला तो आवाज अंधुक आठवतो; लहानपणी मी मंडपात पुढे बसत असे, आणि सुरू करताना काका हात वर करून “थांबा, तापू द्या” म्हणत, तो अर्धा मिनिट सगळा मंडप त्या पेटीकडे पाहात असे. हे मला पेटी पाहून आठवावयास हवे होते. पितळी नाव पाहिले आणि आठवणच बुजली.

काल कोणता हेही शोधले. मलार्डच्या व्हॉल्व्हवर छापील ढाल असते, ती ओल्या फडक्यानेदेखील पुसली जाते, म्हणून संग्राहकांनी व्हॉल्व्ह चमकवण्याच्या भानगडीत पडू नये. काचेच्या तळाशी मात्र राखाडी रंगात दोन बारीक ओळींचे संकेत असतात. वरची ओळ जातीची. ईएल ८४ वर ‘आरएक्स’ आणि त्यापुढे अंक. खालची ओळ जन्माची: पहिले अक्षर कारखान्याचे, ‘बी’ म्हणजे लँकेशायरमधील ब्लॅकबर्न आणि ‘आर’ म्हणजे मिचम, मग वर्षाचा शेवटचा अंक, महिन्याचे अक्षर आणि आठवडा. आमच्या एका व्हॉल्व्हवर ‘बी ३ के २’ होते. ब्लॅकबर्न, तीनने संपणारे वर्ष, नोव्हेंबर, दुसरा आठवडा. दशक मात्र हा संकेत सांगत नाही. १९६३ की १९७३, ते इतर पुराव्यांनी ठरवावे लागते. आम्हांला ते पत्र्याच्या आतल्या बाजूने सांगितले. तेथे शिसपेन्सिलीने लिहिले होते: ‘श्री. गणेश चतुर्थी १९६४.’

आता व्यवहाराचे. नातवाने खरेदीदारास फोन करून खरे ते सांगितले. पलीकडच्या गृहस्थांचा आवाज जराही बदलला नाही. ते म्हणाले, पट्टी पुन्हा बसवा, पेटी उघडल्याचे कोणास सांगू नका, ठरल्याच्या निम्म्याने मी घेतो, पुढचे मी पाहून घेईन. निम्मे म्हणजेही मावशीच्या एका गुडघ्याची बरीचशी तजवीज होती. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या तोंडी आलेला प्रश्न मी ऐकला: “मामा, आपण खोटं बोलत नाही ना? आपण फक्त काहीच बोलत नाही.”

मी त्याला उपदेश केला नाही, कारण फोनवर ‘तसेच दिसते’ म्हणणारा मीच होतो. मात्र एक सांगितले. ही पेटी एकदा व्हॉक्स म्हणून विकली गेली की कोठेतरी, कोणीतरी तज्ज्ञ ती उघडणारच. तो हे ट्रान्सफॉर्मर पाहील, पेन्सिलीचे अक्षर पाहील, आणि हे बनावट म्हणून बाजूला टाकील. काकांनी फसवण्यासाठी काही केले नव्हते. हौसेने एक नाव कापून लावले होते. ते बनावट ठरले असते आपल्या हातून.

मावशीला हे सर्व ऐकू गेले होते. ती एवढेच म्हणाली, “त्यांचे पैसे परत कर. आणि गुडघ्याचं दिवाळीनंतर बघू.” बयाणा त्याच संध्याकाळी परत गेला.

अशा गावठी बांधणीच्या यंत्रांना बाजारात फारशी किंमत नाही हे मी वाचकांपासून लपवीत नाही. आकाशवाणीचे इंदूर केंद्र मालवा हाऊसमध्ये १९५५ साली सुरू झाले. त्या सुमारापासून पुढची वीस वर्षे आपल्या शहरात रेडिओ आणि ध्वनिवर्धक बांधणारी, दुरुस्त करणारी अनेक मंडळी होती. त्यांची यंत्रे भंगारात गेली. तबकड्यांच्या नशिबी थोडे बरे आले. महू मार्गावर पिगडंबर येथे सुमन चौरसिया यांनी जन्मभर जमवलेल्या हजारो तबकड्यांचे, लताबाईंच्या नावाचे संग्रहालय आहे आणि ते आवर्जून पाहण्यासारखे आहे. तबकडी जपणारा भेटतो. ती वाजवणारी पेटी मात्र वाळवीच्या आणि कबाडीच्या वाट्याला जाते, आणि आत चार पैशांचे व्हॉल्व्ह आहेत असे कळले तर तेवढे काढून घेऊन बाकीची फेकली जाते.

म्हणून कोणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर दोन-तीन गोष्टी कराव्यात. प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. मग फळा काढून आत कोठे अक्षर, सही, तारीख आहे का ते पाहून छायाचित्र घ्यावे. आणि चालते का पाहण्यासाठी कुतूहलाने प्लग घालू नये, हे मी पुन्हा सांगतो. चाळीस-पन्नास वर्षे पडून राहिलेला मोठा कंडेन्सर आतून सुकलेला असतो. मधले मेणकागदी कंडेन्सर गळके झालेले असतात. त्यांतून नको तेवढा दाब ईएल ८४ च्या जाळीवर जातो, व्हॉल्व्हचा पत्रा लाल होतो, आणि त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. व्हॉल्व्ह दुसरा मिळेल, हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही. स्पीकर न जोडता यंत्र चालू करणे हेही तसेच घातक. जुने मिस्त्री अशा वेळी विजेच्या तारेत मध्ये एक साधा पिवळा बल्ब घालून पाहात. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक; भगभगीत पेटून राहिला तर आत कोठेतरी वीज वाट सोडून धावते आहे असे समजावे.

नातवाने पुण्यास परतण्यापूर्वी हा प्रयोग आम्ही केला. गळके कंडेन्सर मी आधीच बदलले होते; जुने फेकले नाहीत, कागदी पुडीत नाव घालून पेटीतच ठेवले, कारण पुढे उघडणाऱ्याला ते पाहावयाचे असतील. बल्ब उजळला आणि मंदावला. मग थेट वीज दिली. मुलगा लगेच तार कानाशी नेऊन वाजत नाही म्हणू लागला तेव्हा खुर्चीतून मावशीचा हात वर झाला. “थांब रे,” ती म्हणाली, “तापू दे.”

स्पीकरचा कागद एका जागी फाटला आहे, त्यामुळे मंद्र सुरात थोडी फरफर येते. तेवढे काम राहिले आहे. पितळी पट्टी मावशीने परत बसवून घेतली; पत्र्याच्या आतील तारखेखाली काकांचे नाव आता शाईने लिहिले आहे.